पाचशे बाराचा काटा

लाटा खुर्चीत बसून शिकता येत नाहीत, असं भौतिकशास्त्राच्या बाईंचं ठाम मत होतं. त्यामुळे दरवर्षी त्या धड्याच्या दिवशी अख्खा वर्ग व्हरांड्यात यायचा. फरशीवर लांबलचक स्प्रिंग ताणलेली असायची. एक टोक बाईंच्या हातात, दुसरं प्रयोगशाळेतल्या मामांच्या. मामा भिंतीला पाठ लावून उकिडवे बसायचे आणि ते टोक असं गच्च धरायचे, जसा काही पलीकडून बैल ओढतोय. पोरांनी त्यावरून त्यांचं नाव टोकमामा पाडलं होतं. तोंडावर मात्र सगळे नुसतं मामाच म्हणायचे.

बाई मनगटाला झटका द्यायच्या. स्प्रिंगमध्ये एक कुबड उठायचं, सरसर पळत जाऊन मामांच्या मुठीवर आदळायचं आणि उलटं होऊन परत निघायचं.

"इकडून तिकडे काय गेलं?" बाई विचारायच्या.

"स्प्रिंग," एखादा पुढच्या रांगेतला घाई करायचाच.

"स्प्रिंग मामांकडे गेली असती तर माझ्या हातात काय उरलं असतं? बांगडी? नीट बघा. स्प्रिंग जागच्या जागी हलली आणि परत बसली. गेला तो धक्का. बातमी गावभर होते तेव्हा माणसं पळत नाहीत, बातमी पळते. तसंच हे. बरं, आता मी जोरात झटका देते. लवकर पोहोचेल?"

"हो," सगळा वर्ग.

बाई जोरात झटका द्यायच्या. कुबड उंच उठायचं, पण पोहोचायचं मघाइतक्याच वेळात. पोरं घड्याळाकडे संशयानं बघायची.

"जोर लावला की उंची वाढते. तिला आयाम म्हणायचं. वेग नाही वाढत. वेग स्प्रिंगच्या ताब्यात. माझ्या हातात एवढंच, की सेकंदाला किती झटके द्यायचे. ती झाली वारंवारता. झटके दाट दिले की कुबडं जवळजवळ येतात, तरंगलांबी कमी होते. दोघींचा गुणाकार केला की पुन्हा तोच वेग. आवाजाचंही असंच. वारंवारता नादकाटा ठरवतो, वेग हवा ठरवते. काट्यानं हवेच्या कामात नाक खुपसायचं नाही आणि हवेनं काट्याच्या."

मामांनी हे एकोणीस वर्षं ऐकलं होतं. शेवटचं वाक्य त्यांना इतकं पाठ होतं की बाईंच्या आधी त्यांचे ओठ हलायचे. विसाव्या वर्षी मात्र हलले नाहीत. त्या वर्षी त्यांची स्वतःची मुलगी व्हरांड्यात उभी होती, वही छातीशी धरून.

मुलीला पुढं हाच विषय शिकायचा होता. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत तिला जागा मिळण्यासारखी होती. अट एकच, या परीक्षेत लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत पहिल्या फटक्यात पास. लेखीची तिला काळजी नव्हती. प्रॅक्टिकलची तर मुळीच नव्हती. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याची पोर ती. आई म्हणायची, "ही पाळण्यात खुळखुळ्यानं नाही, परीक्षानळीनं खेळली."

कॉलेजच्या आवारात तिनं त्यांना बाबा म्हणायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. "तिथं मी सगळ्यांचा मामा," त्यांनी सांगितलं होतं, "तुझाही. आणि उत्तर मला विचारायचं नाही. देवानं कान दिलेत, ते वापर. ऐकू येईल ते लिही." पोरीनं दोन्ही गोष्टी पाळल्या.

कानाचं महत्त्व मामांइतकं कुणाला ठाऊक असणार? कॉलेजात येण्याआधी नऊ वर्षं ते भांड्यांच्या कारखान्यात होते. तयार झालेलं प्रत्येक भांडं त्यांच्या पुढ्यात यायचं. लाकडी दांड्यानं एक टिचकी. चांगलं भांडं लांबवर गात राहायचं; केसाएवढी चीर असली तरी आवाज मध्येच बसायचा, सर्दी झाल्यासारखा. चिरकं भांडं डावीकडे, चांगलं उजवीकडे. मालक म्हणायचा, हा माणूस बायकोला बघायला गेला तेव्हाही टिचकी मारून आला असेल. कारखाना बंद पडला आणि मामा प्रयोगशाळेत लागले. तिथं त्यांना आवडलं ते अनुनाद नळीचं काम. उभ्या काचेच्या नळीत पाणी. तोंडाशी रबरावर आपटून वाजता केलेला दोन पात्यांचा नादकाटा धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका ठरावीक जागी मुकी नळी एकदम बोलायला लागते, खोली भरून जाते. ती जागा टिपायची. आणखी खाली, साधारण तिप्पट खोलीवर, ती पुन्हा बोलते. दोन जागांमधलं अंतर मोजून दुप्पट केलं, काट्यावर छापलेल्या वारंवारतेनं गुणलं, की आवाजाचा हवेतला वेग हाती येतो. त्या खोलीत तो तीनशे सेहेचाळीस यायचा, दर सेकंदाला इतके मीटर. आठ काट्यांनी तोच.

म्हणजे अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आठ काट्यांनी. नंतर सातच.

पाचशे बारा छापलेला काटा मामांच्या हातून पडला होता. पेटी पुसायला घेतली असताना निसटला, लोखंडी स्टँडच्या कडेवर आदळला आणि दोन पात्यांच्या बेचक्यात खोल खाच पडली. त्या आठवड्यात मामांचे कायम होण्याचे कागद वर गेले होते. आठ वर्षं दर जूनला नव्यानं नेमणूक घेऊन ते कंटाळले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, काटा पकडीत बसवला आणि कानशीनं खाच अशी गुळगुळीत घासली की जन्मतःच तशी असावी. मग रबरावर आपटून कानाशी नेला. आवाज उतरला होता. फार नाही, पण भांड्यांवर नऊ वर्षं काढलेल्या माणसाला पुरेसा. बुडाशी धातू गेला की पातं आळसावतं, सेकंदाला कमी वेळा हलतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी काटा मखमलीच्या खाचेत ठेवला आणि झाकण लावलं. झाकली मूठ.

उघडी पडायची वेळही आली नाही. पोरांना उत्तर आधीच माहीत असायचं. पुस्तकात तीनशे सेहेचाळीस, मग नळीतही तेच. "मामा, पाचशे बाराला पाणी कुठं थांबवू?" कुणी विचारलं की मामा इकडे तिकडे बघत म्हणायचे, "पहिलं सोळावर, दुसरं पन्नासला जरासं कमी." म्हणजे काटा धड असता तर जिथं आलं असतं तिथं. पोरं लिहायची, बाई सही करायच्या, पोरं पास व्हायची. अकरा वर्षांत एकाही पोराला शंका आली नाही. आली असेल तर त्यानं ती गिळली.

मुलीनं गिळली नाही. सरावाच्या आठवड्यात ती एका संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, पाचशे बाराचा काटा खोटा आहे का?"

मामा दाराची कडी दुरुस्त करत होते. "खोटा म्हणजे?"

"बाकी सातही काट्यांनी तीनशे सेहेचाळीस येतंय. यानं एकट्यानं तीनशे एकसष्ट. हवा तर तीच आहे. हवेत चूक नाही, म्हणजे काट्यात आहे."

"चप्पल काढ आधी," आतून आई म्हणाली. "हवा घरातलीही तीच आहे."

मामांनी स्क्रू पुन्हा फिरवला, जो आधीच घट्ट बसला होता. "हात हलला असेल तुझा. वर आकडा छापलाय ना? कंपनी काय वेडी आहे?"

"चार वेळा घेतलं."

"पाचव्यांदा घे."

तिनं आपल्या कानाला हात लावला. "मलाच कमी ऐकू येत असेल," ती म्हणाली, आणि चप्पल काढायला बाहेर गेली.

परीक्षेच्या दिवशी मामांनी खोलीत असायलाच नको होतं. घरचं कुणी परीक्षेला बसलं असेल तर तसं लिहून द्यायचं आणि त्या दिवशी लांब राहायचं, असा नियम होता. पण नळ्या भरायला दुसरा माणूस नव्हता, आणि बाई म्हणाल्या, "बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना काय माहीत कोण कुणाचं? तुम्ही तोंड बंद ठेवा म्हणजे झालं." मामांनाही तेच हवं होतं. काट्यांची यादी आधीच परीक्षकांकडे गेली होती, पाचशे बारा गाळता येत नव्हता. पण आठ टेबलांवर आठ काटे मांडणार तेच. हजेरी क्रमांकानं पोरीचा नंबर पाचवा होता. पाचशे बारा त्यांनी चौथ्या टेबलावर ठेवला. तिथं एक गुबगुबीत मुलगा येणार होता, ज्याला सोळा आणि पन्नास हे आकडे स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ होते. आदल्या दिवशी मामांनी ती टेबलं तीन वेळा मोजली.

सकाळी दुसऱ्या क्रमांकाची मुलगी आलीच नाही. तापानं फणफणली होती म्हणे.

"मधलं टेबल रिकामं नको," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "सरका सगळे एकेक पुढे."

सगळे सरकले. गुबगुबीत मुलगा तिसऱ्यावर गेला. मामांची मुलगी चौथ्यावर आली आणि तिनं काटा उचलून आकडा वाचला. मामांच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्यांनी खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

परीक्षक वाळक्या अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे होते. तासाभरानं ते चौथ्या टेबलाशी थांबले आणि उत्तरपत्रिका वाचू लागले.

"खोलीचं तापमान तुम्हीच लिहिलंय, पंचवीस. आणि आवाज पळवलाय तीनशे एकसष्टनं. इतका तो पन्नास अंशांवर पळतो. म्हणजे आपण सगळे इथं भाजून निघायला हवं होतं."

तिसऱ्या टेबलावरचा गुबगुबीत हसला.

"सर, तीन वेळा घेतलं. प्रत्येक वेळी तेच आलं."

"मग तीन वेळा चुकलं."

"सर, हवा या खोलीत एकच आहे. बाकीच्यांना बरोबर येतंय. म्हणून मी खाली लिहिलंय, काटा तपासावा."

"ते वाचलं मी. परीक्षा तुमची आहे का आमची?" त्यांनी काटा उचलून डोळ्यांजवळ नेला. "पाचशे बारा छापलंय. छापणाऱ्यापेक्षा तुमचा कान मोठा?"

बाई दोन पावलं पुढं आल्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं नाही, मामांकडे पाहिलं.

"मामा, हा काटा कधी पडला होता का?"

खोलीत बाकीचे काटे वाजत होते ते एकेक करून थांबले. मामांच्या मनात सगळं एकदम आलं. हो म्हटलं तर विचारतील, कधी. अकरा वर्षं म्हटलं तर विचारतील, मग आजवर इतकी पोरं पास झाली ती कशी. आणि कुणीतरी मागून पुटपुटेल, ही त्यांचीच मुलगी, बाप पोरीसाठी खोटं बोलतोय. मग तिची अख्खी परीक्षाच रद्द. निवृत्तीला पाच महिने उरले होते, तेही मनात आलं. ते आलं नव्हतं असं मामा पुढं कधी म्हणाले नाहीत.

"नाही बाई," ते म्हणाले. "माझ्या हातून तरी नाही."

बाईंनी मान खाली घातली. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं देतो. पुन्हा घ्या. मामा, यांना पाणी खालीवर करून द्या, वेळ वाचेल."

मामा नळीच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. मुलीनं काटा रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी धरला. मामा पाण्याचं भांडं खाली न्यायला लागले. दहा. बारा. चौदा. सोळावर त्यांचा हात थांबला. नळी अजून बोलत नव्हती, नुसती घसा खाकरत होती. तरी हात थांबला आणि थांबूनच राहिला. बरोबर उत्तर तिच्या डोळ्यांसमोर उभं होतं. तिनं फक्त लिहायचं होतं.

मुलीनं नळीवरचा आकडा पाहिला. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"अजून खाली, मामा," ती म्हणाली.

त्यांनी पाणी खाली नेलं. सोळा पॉइंट सातला नळी भरून बोलली, इतकी स्पष्ट की परीक्षकांनीही मान वर केली.

"थांबा."

तिनं सोळा पॉइंट सात लिहिलं. पुढं बावन्न लिहिलं. गुणाकार केला आणि खाली तीनशे एकसष्ट लिहून पेपर दिला.

त्या दिवशी घरी जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "मामा, पाणी देऊ?" आईला वाटलं चेष्टा चाललीय. "अगं घरी कसले मामा," म्हणून ती हसली. बाकी कुणी हसलं नाही.

निकाल लागला. लेखीत ती वर्गात पहिली होती, प्रॅक्टिकलला तीन गुणांनी नापास.

मामा पाचशे बाराचा काटा घेऊन बाईंच्या खोलीत गेले. टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: स्टँड, खाच, कानस. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सहा वर्षांपासून माहीत आहे."

"काय?"

"काटा उतरलाय ते. पण उपकरणं तपासून घेतली म्हणून दरवर्षी सही माझी. कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग त्या दिवशी तरी बोलायचं होतं बाई. पोरीचं वर्ष होतं."

"मी विचारलं होतं ना, मामा. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला असता तर मी मागून हो म्हटलं असतं."

मामांना बसावंसं वाटलं. खुर्ची होती, पण त्यांनी ती ओढली नाही. "आता अर्ज करू. मी लिहून देतो."

"द्या. पहिला प्रश्न विचारतील, तुम्ही तिचे कोण. दुसरा, त्या दिवशी खोलीत काय करत होता. लेखीतले गुणही जातील तिचे." बाईंनी काटा उचलून मोडक्या सामानाच्या कपाटात टाकला. "सहा महिन्यांनी पुन्हा बसू दे. एवढंच हातात आहे."

मोठ्या शहरातली जागा सहा महिने कुणासाठी थांबणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

त्याच दिवशी मामांनी मुलीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काटा पडलेला?"

"तुम्हाला माहीत असलेलं. तुम्ही सोळावर थांबलात तेव्हा." तिनं एक घडी मोडून पुन्हा घातली. "तोपर्यंत मला वाटत होतं माझाच कान खराब आहे. एक महिना रोज घड्याळ कानाशी धरून बघत होते."

मामांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण बापानं लेकीची माफी कशी मागायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणाले, "अर्ज करायचा का?"

"नको," ती म्हणाली. "पास व्हायचंय ना? होते."

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. फेरपरीक्षेला मुलगी एकटी गेली आणि दुपारी परत आली. मामा ओट्यावर बसले होते. आज त्यांनाच राहवलं नाही.

"किती आलं?"

"तीनशे सेहेचाळीस."

मामांचा चेहरा उजळला. "काटा कुठला होता?"

"चारशे ऐंशी."

"चांगला आहे तो. अगदी गाणारा आहे. पहिली जागा बरोबर सापडली?"

"शोधली नाही. सगळ्या काट्यांची उत्तरं घरूनच काढून पाठ करून गेले होते. पुस्तकातला वेग घ्यायचा आणि उलटं यायचं. दहा मिनिटांत होतं."

"पण वाजवला तरी असशील."

"परीक्षक बघत होते तेव्हा वाजवला," ती म्हणाली. "ऐकला नाही."

तिला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले. परीक्षकांनी रीडिंगच्या नेमकेपणाबद्दल शेरा दिला. पुढच्या पावसाळ्यात तिनं जवळच्याच एका कॉलेजचा अर्ज आणला आणि मामांसमोर ठेवला. विषयांच्या रकान्यात तिनं हिशेबनीस व्हायचा अभ्यासक्रम लिहिला होता. मामांनी कागद दोन वेळा वरून खाली वाचला. पालकाची सही कुठं करायची ते तिनं बोटानं दाखवलं, आणि मामांनी तिथं सही केली.